वाट चुकण्याचं सुख

मे महिन्यातली दुपार होती. वाशीमचं ऊन ज्यांनी सोसलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या लावून, कूलर लावून आम्ही तिघं घरात बसलो होतो : मी, माझी पत्नी आणि सुट्टीसाठी पुण्याहून आलेला आमचा अकरा वर्षांचा नातू. त्याच्या वडिलांनी परदेशातल्या एका दौऱ्यावरून आणलेलं निन्टेंडो कंपनीचं खेळाचं यंत्र त्यानं आल्या आल्या आमच्या टीव्हीला जोडून टाकलं होतं. दोन दिवस मी वर्तमानपत्राआडून त्याच्याकडे पाहत होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं ते बटणांचं यंत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, ‘‘आबा, आता तुम्ही.’’

पडद्यावर एक मुलगा गुहेतून बाहेर येऊन कड्याच्या टोकावर उभा होता. समोर अफाट मुलूख पसरलेला. खाली जंगल, एका बाजूला पडकं मंदिर, फार दूर धूर ओकणारा डोंगर. मी वाट पाहत राहिलो. आता काहीतरी सूचना येईल, बाण दिसेल, ‘इकडे जा’ म्हणून कुणी सांगेल. काहीच आलं नाही. वाऱ्यानं गवत तेवढं हलत होतं.

‘‘आता काय करायचं?’’ मी विचारलं.

‘‘काहीही.’’

‘‘अरे, पण जायचं कुठं?’’

‘‘जिथं जावंसं वाटेल तिथं.’’

वाचकहो, सदतीस वर्षं मी बँकेत काढली. परिपत्रक आल्याशिवाय टाचणीसुद्धा हलवायची नाही, हे आमचं शास्त्र. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या त्याही नोकरीतून उरलेल्या वेळात, रजेचा अर्ज रीतसर मंजूर करून घेऊन. ‘जिथं जावंसं वाटेल तिथं’ हे वाक्य मला आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकायला मिळालं असेल. एका खेळानं मला अक्षरशः घाम फोडला.

या खेळाचं नाव ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. तो २०१७ साली आला, पण त्याचं मूळ १९८६ सालचं आहे. निन्टेंडो ही जपानच्या क्योतो शहरात १८८९ साली खेळण्याचे पत्ते तयार करण्यासाठी निघालेली कंपनी. तिच्यात शिगेरु मियामोतो नावाचे एक चित्रकार-कल्पक १९७७ साली नोकरीला लागले. त्यांचं बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावात, डोंगर-झाडीत भटकण्यात गेलं होतं. असंच भटकताना लहानपणी त्यांना एक गुहा सापडली. आत अंधार. पुढे धीर करून कंदील घेऊन ते आत गेले. त्या गुहेत शिरतानाचं ते धडधडणं पुढल्या पिढीतल्या, शहरातल्या मुलांना घरबसल्या मिळावं, या इच्छेतून त्यांनी पहिला ‘झेल्डा’ रचला. त्यातही खेळणारा आरंभी एका मोकळ्या जागी रिकाम्या हातांनी उभा असतो. जवळ एका गुहेचं काळं तोंड दिसतं. आत गेला तर तलवार मिळते. नाही गेला तर तसाच पुढे. कुणी सक्ती करत नाही.

पुढे १९९३ साली अमेरिकेतल्या मिलर बंधूंनी ‘मिस्ट’ नावाचा खेळ काढला. एक निर्मनुष्य बेट, आणि ना नियम, ना उद्दिष्ट सांगितलेलं. त्या खेळाच्या खोक्यात चक्क एक कोरी वही मिळायची. जे दिसेल ते तुमचं तुम्ही टिपून ठेवा! आणि ‘माइनक्राफ्ट’ तर आता घरोघरी आहे. २०११ साली तो पूर्ण स्वरूपात आला तेव्हा त्यातली अवजारं कशी बनवायची हे खेळात धडपणे सांगितलेलंही नव्हतं. पोरांनी ते करून पाहून, एकमेकांना विचारून शिकून घेतलं. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. म्हणजे ‘आम्हांला सांगू नका, आमचं आम्ही शोधतो’ म्हणणाऱ्यांची संख्या काही थोडीथोडकी नाही.

हे सगळं नातवाकडून आणि नंतर इकडून-तिकडून वाचून समजून घेत असताना मला राहून राहून माझी जुनी डायरी आठवत होती.

१९८४ साली मी बँकेत लागलो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आपला जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला पंधरा वर्षं झालेली. खेड्यापाड्यांतून कर्जवाटप जोरात होतं. एकात्मिक ग्रामीण विकासाच्या योजनेत कुणाला म्हैस, कुणाला शेळ्या, शिवाय विहिरीची कर्जं. विहिरीच्या कर्जाचा पुढचा हप्ता द्यायचा तर अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन विहीर किती हात खाली गेली ते पाहायचं. नकाशा नाही, फोन नाही. गट नंबर कागदावर असायचा, पण गट नंबर काही झाडाला टांगलेला नसतो. गावात पारावर विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘‘सायेब, पांदणीनं सिद्धे जाजा. मंग एक निंबाचं झाड लागीन. तथी कोनालेबी इचारजा.’’

पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पावसाळ्यात तिचा नाला होतो, उन्हाळ्यात फुफाटा. आणि निंबाची झाडं एक सोडून दहा लागतात. मी चुकायचो. रोज चुकायचो. पण चुकता चुकता मला मुलूख कळत गेला. काळी जमीन कुठं संपते आणि बरड कुठं सुरू होते, कोणत्या नाल्याला दिवाळीपर्यंत पाणी राहतं, कोणत्या धुऱ्यावरून भांडण चालू आहे. डायरीत मी वेडेवाकडे नकाशे काढायचो. ‘मोडकी बैलगाडी’, ‘तीन चिंचा’, ‘इथं नाही’ अशा खुणा करायचो. रिसोडच्या बाजूला एकदा अशीच विहीर शोधताना भलत्याच पांदणीला लागलो आणि बाभळींच्या गर्दीत एक जुनी बारव समोर आली. दगडी पायऱ्या, कोनाड्यात झिजलेली एक मूर्ती, तळाशी हिरवं पाणी. तिच्याबद्दल मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या भागात राहणाऱ्या लोकांना तिचं काही अप्रूपही नव्हतं. पण त्या दिवशी ती मला सापडली, म्हणून ती माझी झाली. पुढे माझ्या पहिल्या कादंबरीत ती आली. कुणी बोट धरून ‘ही पाहा प्राचीन बारव’ म्हणून दाखवली असती तर मी मान डोलावून परत फिरलो असतो, आणि कादंबरी लिहिली गेली नसती.

मार्गदर्शनाशिवाय फिरण्यातलं सुख मला वाटतं इथं आहे. दाखवलेली वस्तू आपण पाहतो. सापडलेल्या वस्तूशी आपलं नातं जडतं. तिच्यापर्यंत पोचताना जे दहा चुकीचे रस्ते तुडवले तेही मग आपल्या मालकीचे होतात.

आमच्या या गावाला अशा भटकंतीचं वावडं नसावं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखरानं ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक कथा सांगितली आहे. काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडला, साहित्यविद्या ही वधू त्याच्या मागोमाग निघाली, आणि देशोदेशी हिंडत अखेर त्या दोघांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. काव्यानं घर सोडलं तेव्हा मुक्काम कुठं करायचा हे त्याला ठाऊक होतं, असं काही दिसत नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मार्गदर्शन नाही म्हणजे वाऱ्यावर सोडलं, असं नव्हे. हे मला नातवाचा खेळ नीट पाहिल्यावर उमगलं. खेळ सुरू होतो ते एका उंच पठारावर. चहूकडे कडे तुटलेले. खाली उतरायला साधन नाही. त्या पठारावर एक म्हातारा भेटतो. तो चार शब्द बोलतो, पण व्याख्यान देत नाही. मध्येच एक दरी आडवी येते आणि काठावर एक झाड असतं. झाड तोडलं की ते आडवं पडून पूल होतो. पाऊस आला की कडा चढताना हात निसटतात. हे कुणी सांगत नाही. घसरलं की कळतं. पुढच्या साऱ्या प्रवासाला लागणारं शिक्षण त्या एवढ्याशा अंगणात होतं, आणि मग म्हातारा उडायचं साधन देऊन म्हणतो, जा आता. अगदी शेवटच्या किल्ल्यावर आताच चालून जायचं तर तेही जा. मार खाशील, पण जा. म्हणजे हा खेळ रचणाऱ्यांनी किती विचार केला असेल! दूरवरून दिसेल असा मनोरा कुठं उभा करायचा, कुतूहल वाटेल अशी टेकडी कुठं ठेवायची, आणि हे सगळं मांडून झाल्यावर आपण मात्र तोंड बंद ठेवायचं. यातलं तोंड बंद ठेवणं सगळ्यांत अवघड.

माझे पहिले शाखाधिकारी असे होते. मला पहिल्या दिवशी त्यांनी मोटारसायकलची किल्ली आणि कर्जदारांची यादी दिली, आणि ‘संध्याकाळी या’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी मात्र डायरी समोर घेऊन बसायचे. कुठं गेलात, काय पाहिलंत, कुणाशी बोललात. चूक सापडली तर ओरडायचे नाहीत. ‘‘मग उद्या कुठून जाल?’’ असं विचारायचे. पुढे कितीतरी प्रशिक्षण केंद्रांतून मी व्याख्यानं ऐकली. लक्षात राहिला तो हा प्रश्न.

आणि मी स्वतः बाप म्हणून काय केलं? ते सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगतो. आपल्या मराठीत ‘गाईड’ या शब्दाचा एक खास अर्थ आहे. अजिंठ्याला लेणी दाखवणारा गाईड आपल्याला फारसा आठवत नाही. आठवतं ते धड्याखालच्या प्रश्नांची तयार उत्तरं देणारं जाडजूड पुस्तक. माझ्या मुलासाठी मी प्रत्येक विषयाचं गाईड आणलं. अपेक्षित प्रश्नसंच आणले. लातूर पॅटर्नचा बोलबाला होता, मी त्याचं वेळापत्रक लिहून घेऊन भिंतीवर लावलं. सुट्टीत तो सायकल घेऊन निघाला की मी विचारायचो, ‘‘कुठं? किती वाजता येणार? काम काय?’’ तिसऱ्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसायचं, मग तो सायकल परत लावून ठेवायचा. तो इंजिनिअर झाला, उत्तम झालं. पण या उन्हाळ्यात मुलाला सोडायला आला तेव्हा जेवताना सहज म्हणाला, ‘‘बाबा, मला तुम्ही कधी चुकू दिलं नाही. आता ऑफिसात काही नवीन करायची वेळ आली की मी अजून कुणीतरी सांगायची वाट पाहतो.’’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. जो माणूस पांदणीनं चुकत चुकत शहाणा झाला, त्यानं आपल्या मुलासाठी मात्र कुंपण घातलेला हमरस्ता बांधला!

आमच्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. मी त्यावरून गेलो आहे. सुरेख रस्ता आहे. वेळ वाचतो हे मान्यच. पण दोन्ही बाजूंना कुंपण असल्यानं मध्येच उतरून एखाद्या बाभळीखाली बसता येत नाही. कारंज्यापाशी बाहेर पडायचं चुकलं तर मुकाट्यानं पुढच्या फाट्यापर्यंत जायचं. दूध-भाजी, रुग्ण, माल नेण्यासाठी असा रस्ता हवाच. सारं बालपण मात्र आपण त्यावरूनच नेऊ लागलो तर पोरांना पोचल्याचं कळेल, पाहिल्याचं काहीच सांगता येणार नाही. गंमत म्हणजे पुष्कळ व्हिडिओ गेमसुद्धा असेच असतात. पावलोपावली बाण, ‘इथं दाबा’, ‘हे विकत घ्या’, रोज हजेरी लावा म्हणजे बक्षीस. तिथं पोर खेळत नसतं, खेळ पोराला खेळवत असतो. त्या खेळांबद्दल आई-बापांची जी तक्रार आहे ती रास्त आहे, आणि या लेखाचा आधार घेऊन कुणी रात्री दोनपर्यंत जागत असेल तर त्याच्या हातातलं यंत्र खुशाल काढून घ्यावं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर बँकेतल्या माणसानं फक्त जमेचा रकाना लिहिला असं होईल. मार्गदर्शनाचा अभाव ही सगळीकडे कौतुकाची गोष्ट नाही. काउंटरपलीकडे हातात फॉर्म उलटा धरून उभा असलेला शेतकरी मी शेकडो वेळा पाहिला आहे. कोणती रक्कम कशाची, कोणत्या तारखेला व्याज चढतं, विम्याचा अर्ज कुठं द्यायचा, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसायचं. तिथं ‘तुमचं तुम्ही शोधा’ म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे. त्याच्या चुकीची किंमत त्याच्या पोटातून वसूल होते. खेळात कड्यावरून पडलेला मुलगा क्षणात पुन्हा उभा राहतो. सोयाबीनचा पेरा साधला नाही तर वर्ष जातं. तेव्हा माझा हिशेब साधा आहे. जिथं चूक परवडत नाही तिथं हात धरून, दहा वेळा, न कंटाळता सांगा. जिथं चुकीनं गुडघाच काय तो फुटणार, तिथं गप्प बसा. आपण बहुतेक वेळा नेमकं उलट करतो.

आणि चुकायची मुभा तरी सगळ्यांना कुठं सारखी मिळाली? हे मला माझ्या पत्नीनं दाखवलं, तेही न बोलता. माझ्या धडपडीला कंटाळून नातवानं एक दिवस ते यंत्र तिच्या हातात दिलं. मी शत्रू शोधत हिंडायचो, कारण खेळ म्हणजे जिंकणं अशी माझी समजूत. ती ओढ्याकाठानं निघाली. तिनं कुणाशी लढाई केली नाही. कंद, अळंबी, सफरचंदं गोळा करत राहिली. त्या खेळात स्वयंपाकही करता येतो. विस्तवावर कढई असते, काय घालायचं ते आपण ठरवायचं. पहिल्यांदा तिचं काहीतरी भलतंच शिजलं आणि पडद्यावरच्या मुलानं तोंड वाकडं केलं, तेव्हा ती खळखळून हसली. बर्फाळ डोंगरावर नातू तीनदा गारठून परत आला होता. ती म्हणाली, ‘‘थंडीच आहे ना? मग मिरची घालून बघू.’’ घातली, आणि ते खाऊन तो मुलगा बर्फातून सुखरूप चालू लागला! नातू तिच्याकडे पाहतच राहिला. आयुष्यभर अंदाजानं फोडणी घातलेल्या बाईला पाककृतीचं पुस्तक कशाला लागेल?

चार वाजता तिनं यंत्र खाली ठेवलं. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘कुठं चाललीस, असं कुणी न विचारता मी आज पहिल्यांदा एवढं फिरले.’’

तिचं माहेर कारंज्याचं. शाळा ते घर, घर ते देऊळ, एवढी तिची कारंज्याची ओळख. लग्नानंतर वाशीम; बाजार, शाळेच्या सभा, दवाखाना. मी पांदणीनं भटकत होतो ती सारी वर्षं ती दार उघडायला घरी होती. माझ्या चुकण्याला ‘अनुभव’ म्हणायचे. तिनं चुकायचं म्हटलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं, ते सांगायला नको. चाळीस वर्षांच्या संसारात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते एका जपानी खेळानं आणून द्यावं, याचं मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आपल्या घरातल्या मुलींना चुकण्यासाठी खेळातलाच मुलूख उरणार असेल, तर तो दोष खेळाचा नाही.

मग सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघंही पहाटे साडेपाचला निघालो, ऊन चढायच्या आत ती बारव शोधायला. नातवानं अट घातली होती : फोनवरचा नकाशा पाहायचा नाही. त्यानं एक कोरी वही घेतली होती. पांदणीवर आता काही अंतर खडी पडली आहे. पुढे मात्र तोच फुफाटा. अर्ध्या तासानं वाट फुटली. एक डावीकडे, एक उजवीकडे. मी पाहिलं आणि एकदम आठवलं. उजवीकडे. दोन चिंचा अजून उभ्या होत्या. तिसरीचं नुसतं खोड उरलं होतं.

नातू दोन्हीकडे निरखून पाहत होता. पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर आलेलं होतं. ‘‘डावीकडे जाऊ,’’ तो म्हणाला, आणि आम्ही डावीकडे गेलो.

बारव अर्थातच सापडली नाही. एका शेतात एक म्हातारबुवा भेटले, त्यांनी माठातलं पाणी दिलं. कोरड्या नाल्यात पत्नीला मोराचं पीस मिळालं. आठ वाजता ऊन तापू लागलं तसे आम्ही परतलो. संध्याकाळी नातवानं वहीत नकाशा काढला. पांदण, फाटा, चिंचा, माठ, मोर. डाव्या वाटेच्या टोकाला त्यानं फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘इथं नाही’. माझी जुनी डायरी त्यानं कधी पाहिलेली नाही.

‘‘आबा, उद्या उजवीकडे,’’ तो म्हणाला.

मी ‘बरं’ म्हणालो.